‘ताई, तेव्हाचं खरं की आताचं?’

डॉक्टर साहेब, नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. गावाचं नाव लिहीत नाही, लगेच ओळखू येईल. कोरोनात मी घरोघरी जाऊन जे सांगितलं ते सारखं बदलत गेलं. आधी सांगितलं, ज्याला ताप-खोकला नाही त्याला मास्क नको. थोड्याच दिवसांत म्हटलं, प्रत्येकानं रुमाल बांधा. आधी म्हटलं, नोटा, पिशव्या, भाजी सगळं धुवा. नंतर त्याचं कोणी नाव काढलं नाही. ग्रामपंचायतीनं दिलेल्या गोळ्या मीच वाटल्या. आता कोणत्याही लसीचं, सर्व्हेचं सांगायला गेले की लोक हसायलेत. म्हणतात, ‘ताई, तेव्हाचं खरं की आताचं?’

घरातलंही सांगते. एप्रिल २०२१ मध्ये सासऱ्यांना झाला. पहिले पाच-सहा दिवस ताप होता, बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ९७ येत होता, म्हणून मी घरीच थांबा म्हटलं. सातव्या रात्री ९१ आलं, सकाळी ८६. परभणीला बेड मिळेपर्यंत दुपार झाली. सहा इंजेक्शनांसाठी बैलजोडी विकली. तरी गेले. जाऊबाई आजही म्हणतात, ‘तूच म्हणलीस घरी थांबा. तुमच्या डॉक्टरांलाच काही माहीत नव्हतं.’

मी लोकांना खोटं सांगितलं का? उद्या नवा आजार आला तर कोणत्या तोंडानं दारात उभी राहू? आणि एक, सासूबाईंना तेव्हा घरीच बारीक ताप येऊन गेला होता. आता वर्षभरापासून चालताना दम लागतो. शुगर आहे. घरचे म्हणतात छातीत कोरोना राहिलाय, पुन्हा स्कॅन करून स्कोअर बघू. करावा का?

— एक आशा ताई

---

ताई,

नाही, तुम्ही खोटं सांगितलं नाही. पण एवढं लिहून मी पत्र मिटवलं तर जाऊबाईंचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये. त्या म्हणतात त्यात तथ्य आहे. सुरुवातीला डॉक्टरांना खरोखर थोडंच माहीत होतं. ते थोडं कुठून आलं, त्यातलं काय टिकलं, काय पडलं आणि कशामुळे, हे तुम्हाला नीट कळलं तर पुढच्या वेळी दारात उभं राहायला तोंड शोधावं लागणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वुहानमध्ये कारण न कळलेल्या न्यूमोनियाचे रुग्ण आहेत, ही खबर जागतिक आरोग्य संघटनेला ३१ डिसेंबर २०१९ ला लागली. ११ जानेवारीपर्यंत विषाणूची जनुकीय रचना जगापुढे आली होती. १३ जानेवारीला बर्लिनच्या ख्रिश्चन ड्रोस्टेन यांच्या गटानं तयार केलेली तपासणीची पद्धत संघटनेनं सगळ्यांसाठी खुली केली. विषाणू कोण आहे हे असं दोन आठवड्यांत कळलं. तो माणसात कसा वागतो हे कळायला मात्र माणसं आजारी पडावी लागतात, काही बरी व्हावी लागतात, काही जावी लागतात, आणि ते सगळं कोणीतरी शांतपणे मोजत बसावं लागतं. त्या मोजणीला प्रयोगशाळेची घाई लागू पडत नाही.

पहिली मोजणी २४ जानेवारी २०२० ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. वुहानच्या दवाखान्यात भरती झालेले ४१ रुग्ण. त्यांतल्या ४० जणांना ताप, २७ जणांचा तिथल्या मासळी-प्राण्यांच्या बाजाराशी संबंध, ६ जणांचा मृत्यू. जगभरच्या डॉक्टरांच्या डोक्यात नव्या आजाराचं जे पहिलं चित्र बसलं ते या ४१ जणांवरून. ताप येतो, छातीत उतरतो, सातातला एक जातो. आता बघा, हे ४१ जण कोण होते? दवाखान्यात भरती करावं लागलं इतके आजारी असलेले. ज्याला नुसतं कणकणल्यासारखं झालं आणि जो दोन दिवसांत कामावर गेला, तो या कागदावर येणारच नव्हता.

मोंढ्यात सोयाबीनची पहिली आवक कशी असते तुम्हाला माहीत आहे. ज्याला पैशाची नड आहे त्याचं पोतं आधी येतं, ओलं येतं. त्या पोत्यांवरून तालुक्याचा उतारा कोणी सांगत नाही. नव्या आजाराचे पहिले रुग्ण तसेच असतात, आणि दुसरी आवक येईपर्यंत त्यांच्यावरूनच बोलावं लागतं.

गंमत अशी की त्याच दिवशी, त्याच नियतकालिकात शेन्झेनच्या एका कुटुंबाचाही अहवाल होता. वुहानला जाऊन आलेलं कुटुंब, घरातला जो गेला नव्हता त्यालाही लागण. म्हणजे माणसाकडून माणसाला होतो हे उघड. आणि त्यात दहा वर्षांचं एक पोर, ज्याला काहीच त्रास नाही, पण स्कॅनमध्ये फुप्फुसात डाग. लक्षणं नसलेला माणूस विषाणू बाळगून असू शकतो ही खूण पहिल्याच दिवशी छापून आली होती. ४१ जणांच्या तापानं मात्र सगळ्यांचं लक्ष वेधून घेतलं.

मग कपाळावर धरायच्या टेंपरेचर गन आल्या. बाजार समितीच्या दारात, बँकेच्या दारात, तुमच्याही हातात. त्यामागे जुना अनुभव होता. २००३ मध्ये सार्स हा छातीचा साथीचा आजार आला तेव्हा आठ हजारांवर लोकांना लागण झाली, ७७४ गेले, आणि तो आजार काही महिन्यांत आटोक्यात आला. कारण सार्सचा रुग्ण दुसऱ्याला लागण द्यायचा ती प्रामुख्यानं स्वतः चांगला आजारी पडल्यावर. ताप दिसला की वेगळा काढा, साखळी तुटते. नवा विषाणू सार्सचाच भाऊबंद, पेशीत शिरायचं दारही तेच, तेव्हा वागेलही तसाच, असं धरलं गेलं. तो तसा वागला नाही. एप्रिल २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासाचा अंदाज होता की सुमारे ४४ टक्के लागण, ज्याच्याकडून होते त्याला लक्षणं दिसायच्या आधीच होते. ताप यायच्या आधीच माणूस चार घरी चहा पिऊन आलेला असायचा.

तुमचा मास्कचा घोळ इथूनच झाला. ज्याला लक्षणं नाहीत तो पसरवत नाही असं मानलं, तर त्यानं मास्क कशाला बांधायचा? त्यात दवाखान्यातल्या लोकांनाच मास्क पुरत नव्हते. म्हणून मार्चमध्ये निरोगी माणसाला मास्क नको, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केंद्र सरकारनंच घरी शिवलेला मास्क, रुमाल, काहीही बांधा म्हटलं. मधल्या दिवसांत समजूत बदलली होती. तुम्हाला नवा निरोप मिळाला, का बदलला ते कोणी सांगितलं नाही. लोकांसमोर तुमचं हसं झालं ते त्या न सांगितलेल्या ‘का’मुळे. मला विचाराल तर पूर्ण आरोग्ययंत्रणेनं आशांवर केलेला हा सगळ्यात मोठा अन्याय आहे. महिन्याला हजार रुपये जादा देऊन तो फिटत नाही.

सगळंच बदललं असंही नाही. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना तुम्ही शाळेत चौदा दिवस ठेवलंत, ऊसतोडीहून आलेली माणसं शेतातल्या आखाड्यावर राहिली. तो चौदाचा आकडा मार्च २०२० मध्ये १८१ रुग्णांवरून तपासला गेला. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस, आणि ज्यांना लक्षणं येतात त्यांतल्या शंभरातल्या सत्त्याण्णवांहून जास्त जणांना साडेअकरा दिवसांच्या आत. चौदा दिवस बरोबरच होते. म्हाताऱ्यांना, शुगर-बीपीवाल्यांना जास्त धोका, हे वुहानच्या पहिल्या कागदांत होतं ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

आता मृत्यूच्या आकड्याचं बघू, कारण गाव घाबरलं ते त्यानं. मार्च २०२० च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेनं ३.४ टक्के सांगितले. हिशेब चुकीचा नव्हता; नोंद झालेल्या रुग्णांत मेलेले किती, एवढंच ते सांगत होते. नोंद न झालेले त्यात नव्हते. ते मोजायचे तर धडधाकट माणसांचं रक्त तपासावं लागतं, त्याला कधी लागण होऊन गेली का म्हणून. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं ते देशातल्या ७० जिल्ह्यांत केलं. महाराष्ट्रातले जे सहा जिल्हे त्यात होते, त्यांत परभणी, बीड आणि नांदेड होते! तुमच्याच जिल्ह्यातल्या लोकांनी दिलेल्या रक्तावरून देशाला कळलं की ऑगस्ट २०२० च्या सुमाराला नोंदलेल्या प्रत्येक रुग्णामागे २६ ते ३२ जणांना लागण झालेली होती. मे-जून २०२० मध्ये देशात शंभर मोठ्या माणसांत एकालाही पुरती नव्हती, ०.७३ टक्के. जून-जुलै २०२१ मध्ये ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, काही लसीची, बरीचशी लागण होऊन गेल्याची. मृतांच्या आकड्याला लागण झालेल्यांच्या खऱ्या आकड्यानं भागलं की मृत्यूचं प्रमाण आपोआप कमी दिसतं. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळीही असंच झालं होतं. मेक्सिकोतून आलेले पहिले आकडे भयंकर होते, कारण आधी गंभीर रुग्णच मोजले गेले. लोक जेव्हा म्हणतात की ‘उगंच घाबरवलं’, तेव्हा त्यांना हे सांगा. आणि हेही सांगा की प्रमाण कमी असलं तरी गाव मोठं असलं की माणसं कमी जात नाहीत. एप्रिल-मे २०२१ गावानं पाहिलेला आहे, त्यावर मी आणखी काय बोलणार.

हवेची गोष्ट वेगळी. तिथे मी कोणाची बाजू घेणार नाही. शिंकेचे थेंब जड असतात, सहा फुटांत खाली पडतात, म्हणून अंतर ठेवा आणि हात धुवा, ही शिकवण जुनी. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं ठासून सांगितलं की कोरोना हवेतून पसरत नाही. त्याच महिन्यात अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट भागात एका गायनमंडळाची तालीम झाली. ६१ जण हजर, त्यातला एक आजारी. ५३ जणांना लागण झाली, दोघे गेले. सगळ्यांनी एकाच वस्तूला हात लावला असं काही नव्हतं. एका बंद खोलीत बसून अडीच तास गायले. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी मिळून लिहिलं की हवेतून पसरणं मान्य करा. संघटनेला ते स्वच्छ शब्दांत मान्य करायला २०२१ उजाडलं. पुरावा समोर असताना जुनी शिकवण सोडवत नव्हती, दुसरं काही नाही. तोवर आपण नोटा धुतल्या, भाजी सोड्यात बुडवली, काही ठिकाणी तर माणसांवरच फवारे मारले. माणसांवर फवारू नका असं केंद्राच्या आरोग्य खात्याला एप्रिल २०२० मध्ये कळवावं लागलं. प्लॅस्टिकवर विषाणू तीन दिवस सापडतो, हा प्रयोगशाळेतला निष्कर्ष खरा होता. पिशवीवरून माणसाला लागण होणं फार क्वचित, हे पुढे कळलं. त्या काळात एखाद्यानं तुम्हाला सांगायला हवं होतं की पिशवी राहू द्या, खिडकी उघडा. लग्नाचा हॉल बंद करून पंगतीला हात धुवायला लावणं म्हणजे दार सोडून भिंतीला कुलूप.

आता औषधं. तुमच्या बैलजोडीची गोष्ट इथली आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

औषध लागू पडलं की नाही हे ठरवायची एकच धड रीत आहे. सारखे आजारी दोन गट घ्यायचे, कोणाला औषध द्यायचं ते नाणेफेकीसारखं ठरवायचं, आणि शेवटी कोणत्या गटातले जास्त वाचले ते मोजायचं. हे न करता ‘मी दिलं आणि रुग्ण बरा झाला’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये, मग त्याची डिग्री कितीही मोठी असो. कोरोनात बहुतेक जण काही न देताही बरे होत होते. त्यामुळे जे द्याल ते रामबाण ठरायचं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन तसं ठरलं. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरनं आरोग्य कर्मचाऱ्यांना ते प्रतिबंधासाठी घ्यायला सुचवलं, मेडिकलमधून ते गायब झालं, सांधेवाताच्या रुग्णांना मिळेना. जूनच्या पाच तारखेला ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं सांगितलं की भरती रुग्णांत त्यानं कोणी जास्त वाचत नाही. प्लाझ्माचं, म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला द्रव रुग्णाला द्यायचं, तर आपल्याच देशात तपासलं गेलं. ३९ दवाखाने, ४६४ रुग्ण, प्लासिड नावाची चाचणी, ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल: गंभीर होणंही थांबत नाही, मृत्यूही थांबत नाही. तरी पुढच्या एप्रिलमध्ये प्रत्येक व्हॉट्सअॅप गटावर ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीनं पाहिजे’ फिरतच होतं. देशाच्या उपचारपत्रकातून प्लाझ्मा निघाला मे २०२१ मध्ये. ग्रामपंचायतीच्या गोळ्या म्हणजे होमिओपॅथीचं आर्सेनिक अल्बम असणार. त्यांनी कोरोना अडतो असं दाखवणारी धड चाचणी ती वाटताना कोणाच्या हातात नव्हती. त्यांनी कोणाचं नुकसान झालं नसेल, पण ‘मी गोळी घेतलीय’ म्हणून जो रुमाल काढून बसला त्याचं झालं असेल.

तुमची ती सहा इंजेक्शनं रेमडेसिव्हिरची असणार. त्याचंही हेच. ते जूनमध्ये भारतात आलं तेव्हा त्याच्या बाजूनं एक चांगली चाचणी होती: बरं व्हायला पंधराऐवजी दहा-अकरा दिवस लागतात. ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत भरती रुग्णांचे मृत्यू टळताना दिसले नाहीत, आणि नोव्हेंबरमध्ये संघटनेनं भरती रुग्णांना ते देऊ नका असा सल्ला दिला. तुम्ही बैल विकले ते एप्रिल २०२१ मध्ये, पाच महिन्यांनंतर. पुढे असं कळलं की ते आजाराच्या पहिल्या दिवसांत, ऑक्सिजन उतरायच्या आधी, धोका असलेल्यांना दिलं तर भरती व्हायची वेळ टळू शकते. म्हणजे ज्या वेळी घराघरातून सहा बाटल्यांसाठी धावाधाव चालली होती, त्या वेळी त्याची मुख्य वेळ बहुधा उलटून गेलेली असायची. जाऊबाईंना म्हणावं, ‘माहीत नव्हतं’ हे इथे खरं नाही. माहीत होतं. ते चिठ्ठी लिहिणाऱ्यांपर्यंत पोचलं नाही, किंवा पोचूनही भीतीनं ‘आणून ठेवा’ म्हटलं गेलं. नातेवाईक म्हणतात काहीतरी करा, डॉक्टरला काहीतरी केल्यासारखं दिसायला हवं असतं. या दोन्ही भीतींच्या मध्ये तुमचे बैल गेले.

आणि जे औषध खरोखर माणसं वाचवत होतं ते काही रुपयांचं होतं. डेक्सामेथासोन. १६ जून २०२० ला रिकव्हरी चाचणीनं जाहीर केलं: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू एक तृतीयांशानं कमी, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशानं. ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला मात्र काही फायदा नाही, कदाचित तोटाच. कारण पहिल्या आठवड्यात शरीर विषाणूशी लढत असतं, तेव्हा स्टेरॉइडनं त्याचेच हात बांधायचे नसतात. दुसऱ्या आठवड्यात सूज अंगावर उलटते तेव्हा ते कामाला येतं. निकालाचा पहिला अर्धा भाग सगळीकडे पोचला, दुसरा वाटेत गळाला. तापाच्या दुसऱ्या दिवशी स्टेरॉइड, शुगर न तपासता स्टेरॉइड, लागेल त्याहून जास्त दिवस स्टेरॉइड. मे २०२१ मध्ये मराठवाड्यातल्या मोठ्या दवाखान्यांत म्युकरचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण आले, कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा. त्यांतल्या बहुतेकांत शुगर आणि स्टेरॉइड ही जोडी होती.

आता तुमच्या सासऱ्यांबद्दल. तुम्ही लिहिलेल्या क्रमावरून सांगतो. पहिले पाच-सहा दिवस ९७ असताना घरी थांबा म्हणणं बरोबर होतं. तेव्हाच्या सरकारी सूचनेतही ९४ च्या वर असेल, दम नसेल तर घरी, असंच होतं. दवाखान्यात त्या दिवसांत त्यांना काही वेगळं मिळालं नसतं. सातव्या-आठव्या दिवशी ऑक्सिजन झपाट्यानं उतरणं हे या आजाराचं ठरलेलं वळण, आणि माणूस तेव्हा बोलतोय, जेवतोय, त्यामुळे घरच्यांना धोका कळत नाही. सातव्या रात्रीच्या ९१ वर निघायला हवं होतं. हे मी गोड बोलून झाकणार नाही, कारण तुम्ही उद्या दुसऱ्या कोणाला सांगणार आहात. पण रात्री गाडी कुठून आणायची आणि त्या एप्रिलमध्ये त्या रात्री बेड कुठे मिळाला असता? बेड तर तुम्हाला दिवसाउजेडी दुपारपर्यंत मिळाला नाही. जाऊबाईंचा राग घरात सगळ्यांत जवळच्या माणसावर निघाला, आणि दवाखान्याची भाषा बोलणारं जवळचं माणूस तुम्हीच होता. त्यांच्याशी तारखा मांडून एकदा बोला. कोणत्या दिवशी किती आलं, कोण काय म्हणालं. तुमच्या मशीनच्या नोंदी असतील तर त्या समोर ठेवा. त्यांनी मान्य करावं म्हणून नाही. त्यांच्या डोक्यात ‘घरी थांबवलं’ एवढंच राहिलंय, मधले सहा दिवसांचे ९७ राहिलेले नाहीत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला येतो. नवा आजार येणारच. कधी तर नवा नसलेलाही नवा म्हणून येतो. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीचं नाव टीव्हीवर आलं तेव्हा तुमच्याकडेही लोक विचारायला आले असतील. तो विषाणू डच शास्त्रज्ञांनी २००१ मध्येच शोधलेला, आणि त्याआधी कितीतरी वर्षं माणसांत फिरत असलेला. म्हणून पहिलं विचारायचं ते हे: नवा विषाणू आहे, की जुन्या विषाणूची नवी बातमी?

खरोखर नवा असेल तर वरून येणाऱ्या प्रत्येक सूचनेला मनात एक प्रश्न विचारा: हे कोणाकडे बघून ठरवलं? दवाखान्यातल्या रुग्णांकडे बघून, की गावातल्या सगळ्यांकडे? माणसांत बघितलं, की प्रयोगशाळेतल्या बशीत? दोन गट करून, की एका डॉक्टरच्या अनुभवावरून? तालुक्याच्या मीटिंगमध्ये हे उभं राहून विचारा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना उत्तर येत नसेल तर तेही कळलेलं बरं. आणि दारात बोलताना पहिल्याच दिवशी सांगून टाका: ‘आज एवढं कळलंय. पुढं बदलू शकतं. बदललं तर मीच येऊन सांगीन, आणि कामून बदललं तेही सांगीन.’ हे आधी बोलून ठेवलेलं असलं की दुसऱ्यांदा गेल्यावर कोणी हसत नाही. ठामपणे बोललं तरच लोक ऐकतात असं प्रशिक्षणात शिकवतात. मला ते पटत नाही. खेड्यातला माणूस आयुष्यभर पावसाच्या अंदाजावर पेरणी करत आलाय, ‘बहुतेक’ हा शब्द त्याला चांगला कळतो.

छातीचा कोणताही नवा आजार असो, काही गोष्टी विषाणूचं नाव कळायच्याही आधी सांगता येतात. आजारी माणसाला वेगळं, पण हवेशीर जागी. आपल्याकडचे आखाडे त्यासाठी कोणत्याही कोविड सेंटरपेक्षा सरस. म्हाताऱ्यांकडे आणि शुगरवाल्यांकडे आधी लक्ष. बोटाचं मशीन दिवसातून दोन-तीनदा, बोट कोमट करून, मेंदी-नेलपॉलिश नसलेल्या बोटाला. सावळ्या कातडीवर ते खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं, तेव्हा ९४ आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. चालवून बघा, श्वास मोजा. आणि जे औषध काळ्या बाजारातूनच मिळतं, त्यासाठी जनावर विकायच्या आधी डॉक्टरला एकच विचारायला लावा: यानं माणूस वाचतो असं कुठल्या चाचणीत दिसलंय?

राहिल्या सासूबाई. स्कॅन करून स्कोअर बघायची आत्ता गरज नाही. तो स्कोअर त्या आजारात फुप्फुस किती व्यापलं ते सांगायचा. २०२१ मध्ये घरीच बारीक ताप येऊन गेला आणि दम लागणं वर्षभरापूर्वी सुरू झालं, मध्ये त्या ठीक होत्या, तर याला कोरोना म्हणून मोकळं होणं मला घाईचं वाटतं. त्यांनी किती वर्षं चुलीपुढे काढली ते विचारा. चुलीच्या धुरानं होणारा दमा आपल्याकडे बायकांत भरपूर आहे आणि त्याला औषध आहे. हिमोग्लोबिन बघा. शुगर असलेल्या बाईला हृदयाचं दुखणं छातीत न दुखता नुसता दम लागून येऊ शकतं, म्हणून ईसीजी आणि सिव्हिलला टूडी इको करून घ्या. पायावर सूज येते का, रात्री उशा वाढवून झोपावं लागतं का, हे आजच विचारा. हो असेल तर आठवडाभर थांबू नका. बसल्याजागी दम लागला, घाम फुटला, तर त्याच वेळी गाडी काढा. खोकला दोन आठवड्यांवर असेल, वजन उतरलं असेल, तर थुंकीची तपासणी सगळ्यांत आधी. शुगरवाल्यांना टीबी लवकर धरतो, तपासणी फुकट आहे, आणि डबी कुठे मिळते आणि कुठे द्यायची हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.